विश्लेषण : कारखान्यातला मोडेम कोणाचाही फोन का उचलतो?

पंपगृहात किंवा कारखान्यात मोटारी, झडपा चालवणारा छोटा संगणक म्हणजे पीएलसी. तो बिघडला की तज्ज्ञाने प्रत्येक वेळी प्रवास करण्यापेक्षा फोनवरूनच तपासणी करावी, म्हणून त्याला डायल-अप मोडेम जोडण्याची पद्धत पडली. वेग बहुधा 9,600 बिट प्रति सेकंद. आज हसू येईल, पण तापमान वाचायला, प्रोग्राम बदलायला तेवढा पुरतो.

गोम पुढे आहे. मोडेम फोन उचलतो. पलीकडे कोण, हे विचारत नाही. पीएलसीशी बोलण्याची मॉडबस ही भाषा 1979 सालची. तिच्या मूळ रूपात पासवर्डची सोयच नाही. मग भिस्त कशावर? तर नंबर कोणाला ठाऊक नाही, यावर! ओळीने नंबर फिरवून मोडेम हुडकणारे प्रोग्राम 1980च्या दशकापासून आहेत.

वूस्टरमध्ये काय घडले?

10 मार्च 1997. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एका अल्पवयीन मुलाने असाच मोडेम शोधला. यंत्र टेलिफोन कंपनीचे होते, कारखान्यातले नव्हे. पण दुरुस्तीसाठी ठेवलेली वाट तीच. त्याने ते बंद पाडले आणि वूस्टर विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याचे फोन सुमारे सहा तास ठप्प झाले. वैमानिक ज्या यंत्रणेने धावपट्टीचे दिवे लावतात, तीही गेली. अपघात झाला नाही, हे नशीब.

‘आता डायल-अप राहिलेच कुठे?’ असे कोणी म्हणेल. मोडेम बदलला, सवय नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बोमन धरणाच्या नियंत्रण यंत्रणेत इराणी हॅकर शिरला, तो मोबाइल मोडेममधून. दरवाजा दुरुस्तीसाठी यंत्रणेपासून सुटा केला होता, म्हणून तो हलवता आला नाही.

बटण कोणाच्या हाती?

माझ्या मते दोष मोडेमचा नाही, तो चोवीस तास चालू ठेवण्याचा आहे. तज्ज्ञाने आधी साधा फोन करावा, जागेवरच्या ऑपरेटरने मोडेमचे बटण चालू करावे, काम संपताच बंद करावे. खर्च एका स्विचचा. ‘रात्री दोनला कोण बटण दाबणार?’ हा व्यवस्थापकांचा ठरलेला सवाल. अहो, बंद पडलेल्या मशीनपाशी त्या वेळी कोणीतरी उभाच असतो. तज्ज्ञाला उठवतो तोच. प्रश्न खरा आहे तो निर्मनुष्य पंपगृहांचा. तिथे निदान आलेला फोन तोडून ठरलेल्याच नंबरवर उलट फोन करणारा मोडेम हवा. ती सोयही जुनीच आहे, आणि अनेक मोडेममध्ये ती असूनही कोणी चालू केलेली नसते.