आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही

आमच्या ऑफिसात लाँग वीकेंडच्या आधीचा आठवडा म्हणजे कामाचा दुष्काळ. कँटीनमध्ये एकच विषय, कुठे जायचं? मग कुणीतरी एक्सेल शीट काढतं. उदयपूर, जैसलमेर, पुद्दुचेरी, म्हैसूर, सिमला. प्रत्येक नावापुढे बजेट, तिकीट, हॉटेल असे कॉलम. एवढी शिस्त प्रोजेक्ट प्लॅनमध्ये दाखवली असती तर रिलीज वेळेवर गेली असती. असो.

अशा वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "तू लातूरचा ना रे? तिकडे काय आहे बघण्यासारखं?" आणि माझं अठरा वर्षांचं ठरलेलं उत्तर, "आमच्याकडे? काही नाही रे बाबा." आत कुठलंही लॉजिक नाही. इनपुट काहीही द्या, फंक्शन नल परत करणार.

या उत्तराचा भांडाफोड केला आमच्या टीममधल्या एका पंजाबी मित्राने. त्याला आम्ही पाजी म्हणतो. त्याच्या आईची कैक वर्षांची इच्छा होती, एकदा हुजूर साहिबला माथा टेकायचा. जालंधरकडच्या त्या माउलीला नांदेडची दिशा, तिथली नदी, तिथे काय घडलं ते सगळं पाठ होतं. पाजीने मला विचारलं, "तुझी मावशी नांदेडला असते ना? गुरुद्वारा सोडून अजून काय बघू?" मी सवयीने म्हटलं, "काही नाही. सकाळी दर्शन घ्या, दुपारच्या गाडीने परत."

ते चार दिवस राहिले.

सोमवारी पाजी फोटो घेऊन माझ्या डेस्कवर हजर. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच गावात देह ठेवला आणि आपल्यानंतर ग्रंथसाहिबच गुरू, असं सांगितलं ते इथेच. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक इथे. आताची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलेली. हे थोडंफार मला माहीत होतं. पण गुरुद्वाऱ्यासाठी रोज गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात, हे त्याने मला सांगितलं. गोदाकाठच्या माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर याच गावात झाला, हेही त्यानेच. आणि मी लहानपणी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर त्याच गावात मावशीकडे पडीक असायचो!

पुढचा फोटो कंधारच्या किल्ल्याचा. भोवती रुंद खंदक, खंदकात पाणी, पाण्यात तटाचं प्रतिबिंब. "ये किसने बनाया?" पाजीने विचारलं. मी टेबलाखाली मोबाईल धरून गुगल केलं. राष्ट्रकूट. हा किल्ला नांदेडहून दीड-दोन तासांवर आहे. मी तोपर्यंत एकदाही गेलो नव्हतो.

पाजी काही टोचून बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई सांगत होती, तुझा मित्र नशीबवान आहे, सुट्टीत इथे राहायला मिळायचं."

त्या रात्री विचार करत बसलो की हे 'काही नाही' माझ्या तोंडी आलं कुठून? मला वाटतं बातम्यांमधून. आमचा भाग देशाला दिसतो तो ठरावीक प्रसंगी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप, सुमारे १० हजार माणसं गेली. मी तेव्हा तिसरीत होतो. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही सगळी गल्ली अंगणात झोपलो. मग एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. आणि दरवर्षी निकालाच्या दिवशी 'लातूर पॅटर्न'. भूकंप, तहान आणि मार्क. यातलं काहीच खोटं नाही. पण बाहेरच्याने आपल्याविषयी छापलेली तीन ओळींची माहिती आपणच आपली ओळख म्हणून सांगायला लागलो, ते चुकलं.

याचा पुरावा माझ्याच लॅपटॉपमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी ऑनसाईटला पॅरिसला होतो. तिथे ती प्रसिद्ध कमान आहे, तिच्याभोवती बारा रस्ते येऊन मिळतात. मी वर चढून चाळीसेक फोटो काढले. घरी फोन करून आईला वर्णन ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे आपल्या गोलाईसारखंच की."

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. सोळा! मधोमध दोन मजली गोल इमारत, तिच्या पोटात देवीचं मंदिर, आणि भोवती फुटणाऱ्या रस्त्यांवर सोन्यापासून मिरचीपर्यंत आणि चपलांपासून गुळापर्यंत सगळा बाजार. लहानपणी अण्णा सांगायचे, "हरवलास तर देवीपाशी येऊन थांब." कुठल्याही रस्त्याने चालत राहा, शेवटी देवीपाशीच पोचणार. इतकं साधं डिझाईन मी वीस वर्षांत एकाही सिस्टीमला देऊ शकलेलो नाही. आणि माझ्याकडे गोलाईचा एकही फोटो नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, गावाचं प्रेम उफाळून आलंय, चालायचंच. म्हणून आधी दुसरी बाजू सांगून टाकतो. मे महिन्यात आमच्याकडे येऊ नका, भाजून निघाल. किल्ल्यांवर धड माहितीफलक नसतात, वटवाघळं असतात. बाईमाणसांना स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. तटाच्या दगडांवर 'अमुक लव्ह तमुक' कोरलेलं आहे, आणि ते आमच्याच लोकांनी कोरलंय. उदयपूरला मिळते तशी सरबराई इथे मिळणार नाही.

पण उदयपूरला तरी ती आधीपासून कुठे होती? लोक यायला लागले, मग चहाची टपरी आली, मग हॉटेल, मग गाईड. ज्या जागेची चौकशी करायला कुणी येत नाही, तिथला फलक पडला तर उचलणार कोण? आणि ती चौकशी सुरू करायची कुणी? ज्यांचं गाव आहे तेच 'काही नाही' म्हणून मोकळे होतात.

मग मी ठरवून जायला लागलो. उदगीरला गेलो. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ती उदगीरची लढाई. पुढच्या संक्रांतीला पानिपत. पानिपतावर हळहळणारा प्रत्येक मराठी माणूस उदगीरवरून उडी मारून पुढे जातो. मी संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर उभा होतो, तेव्हा खाली शाळेची पोरं क्रिकेट खेळत होती. इथे जिंकले नसते, तर भाऊंना उत्तरेच्या मोहिमेवर धाडलं असतं का? काय की.

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला गेलो. चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ, त्यावरचं कोरीवकाम, आणि त्या दुपारी सबंध आवारात आम्ही तिघं आणि एक शेळी. खरोशाची लेणी पाहिली, औशाचा किल्ला पाहिला. येताना उजनीला थांबून बासुंदी खाल्ली, निलंग्याला राईस. ही यादी मी मुद्दाम देतोय, तुमच्या एक्सेलमध्ये टाकायला सोपी जावी म्हणून :-)

पण मला एकच गोष्ट दाखवायची मुभा असेल तर मी इमारत दाखवणार नाही. मी तुम्हाला वेळ अमावस्येला नेईन. आमच्या बोलीत येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कधीतरी. त्या दिवशी लातूर शहर अक्षरशः रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, जणू कर्फ्यू. सगळी माणसं शेतात. ज्वारी उभी असते, कडब्याची कोप घालतात, तिच्यात पांडवांची पूजा करतात. मग भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हिरव्या शेंगांची आणि भाज्यांची दाट सरसरीत भाजी. ज्याचं शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. बांधावरून जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय सुटत नाही. एक अख्खं शहर ठरवून एका दिवसासाठी काळ्या रानात जाऊन बसतं, हे दृश्य मी पाहिलेल्या कुठल्याही देशात नाही.

हे सगळं आता का लिहितोय? मागच्या महिन्यात सोसायटीच्या बागेत माझ्या लेकीला तिच्या मैत्रिणीने विचारलं, "तुमच्या गावाला काय असतं गं?" ती नऊ वर्षांची आहे. खांदे उडवून म्हणाली, "काही नाही. नुसतं ऊन."

मी बाकावर बसून ऐकत होतो. शब्द माझे, टोन माझा, खांदे उडवणंसुद्धा माझं. जमीन, घर, गाव यातलं तिच्याकडे किती जाईल मला माहीत नाही, पण 'काही नाही' हे मात्र मी तिला व्यवस्थित पोचतं केलं होतं. पाजीच्या आईने तिच्या मुलाला हजारेक मैलांवरचं नांदेड दिलं. मी माझ्या मुलीला एका रात्रीच्या प्रवासावरचं लातूर देऊ शकलो नाही.

मी काही पर्यटन महामंडळाचा माणूस नाही. आमच्या किल्ल्यांवर झिपलाईन आणि सेल्फी पॉइंट व्हावेत असंही मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जालना, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, नांदेड, लातूर, तुम्ही जिथले असाल तिथलं, पुढच्या वेळी कुणी 'काय आहे बघण्यासारखं?' विचारलं, तर निदान एका जागेचं नाव सांगा. आणि सांगायच्या आधी ती स्वतः बघून या.

आम्ही यंदा येळवशीला जातोय. पाजीची आई पण येणार आहे, तिला आंबील प्यायचीय. काकांच्या शेतात जागा भरपूर आहे. तुमच्या गावचं काय ते कळवा, आमच्या पुढच्या सुट्टीचं शीट अजून कोरं आहे.