नमुना एंजिनाचे अंतरंग

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आगगाडीचा छोटा नमुना घेताना सामान्यतः एंजिनाचा रंग, खिडक्या व कठडे पाहिले जातात. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने ही कसोटी अपुरी आहे. मोटरीचा जोर चाकांपर्यंत कोणत्या रीतीने पोहोचतो, यावर अशा एंजिनाचे खरे मोल ठरते.

वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बांधले गेलेले ‘डब्ल्यूडीएम-२’ हे डीझेल एंजिन उदाहरणादाखल घ्यावे. त्यात डीझेल यंत्राने जनित्र फिरे आणि जनित्राची वीज सहा आसांवरील सहा मोटरींना मिळे. नमुन्यात डीझेलचा थेंबही नसतो; बहुधा रुळांतून येणाऱ्या विजेवर एकच मोटर चालते. तेव्हा डीझेल यंत्राचे कार्य त्यावरून शिकविता येणार नाही. यांत्रिक जोराचे वहन मात्र उत्तम शिकविता येईल.

या वहनाच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत मोटर एकाच बोगीत, म्हणजे चाकांच्या फिरत्या गाड्यात, बसवितात. दुसरी बोगी नुसती ओढली जाते. दुसऱ्या रीतीत मोटर मध्यभागी असते आणि सांधे असलेल्या दांड्यांच्या द्वारे दोन्ही बोगींतील मळसूत्री दांडे फिरविते. मळसूत्राचा आटा एकेरी असल्यास, वीस दात्यांचे चक्र एकदा फिरण्यास त्याला वीस फेरे घ्यावे लागतात. वेग घटतो व फिरविण्याचा जोर वाढतो.

पहिली रीत स्वस्त व दुरुस्तीस सोपी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु गणित तिच्या विरुद्ध जाते. डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन. १:८७ या प्रमाणात लांबी, रुंदी व उंची या तिन्ही घटतात. म्हणून वजनास ८७ ने तीनदा भागले असता सुमारे १७१ ग्रॅमच उरतात. धातूचे वजन भरून नमुना जड केला, तरी एकच बोगी चालत असल्यास त्यातील साधारण निम्मेच रुळावरील पकडीस उपयोगी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी चाकांवर रबरी धावा चढवितात. पण रबरातून वीज वाहत नाही. त्या चाकांचा रुळाशी असलेला विद्युत्-संपर्क तुटतो आणि धुळकट रुळावर एंजिन अडखळते.

मध्यवर्ती मोटरीने सर्व आस चालविल्यास सगळे वजन कामी येते. मोटरीच्या दांड्यावर प्रचक्र बसविले, तर वीज क्षणभर खंडित झाली तरी एंजिन थबकत नाही. ही रचना डब्ल्यूडीएम-२ शी जुळत नाही, असा आक्षेप घेता येईल. तथापि जर्मनीतील १९५३ च्या ‘व्ही-२००’ एंजिनात द्रवचालित यंत्रणेतून निघालेला जोर अशाच दांड्यांनी बोगींपर्यंत जात असे.

म्हणून शाळांनी सर्व चाके चालणारे आणि कवच सहज उघडणारे एंजिन निवडावे. विद्यार्थ्यांनी मळसूत्राचे फेरे स्वतः मोजावेत, एंजिनाची ओढ ताणकाट्याने पाहावी, आणि रबरी धाव चढवून व काढून दोन्ही आकड्यांची तुलना करावी.