निर्वासित कोणाला म्हणावे?

कल्याण-अंबरनाथ-बदलापूर लोहमार्गावरील उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असे म्हटले जाते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसवली गेली. छावणीचे शहर झाले. परंतु निर्वासितांची जबाबदारी कोणाची, हा तेव्हाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

या संदर्भात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीचा इतिहास बोलका आहे. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले सुमारे ५ हजार पोलिश नागरिक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहत होते. त्यांचा भार प्रथम लंडनमधील पोलिश सरकारने आणि युद्धानंतर आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी उचलला. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. पहिल्यांच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय यंत्रणा होती, दुसऱ्यांच्या पाठीशी नुकतेच स्वतंत्र झालेले एक दरिद्री राष्ट्र तेवढे होते.

हा भेद पुढे कायद्याच्या भाषेतही उतरला. युनोने १० डिसेंबर १९४८ रोजी संमत केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने छळापासून बचावासाठी परदेशात आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला होता. मात्र १९५१ च्या जिनिव्हा कराराने निर्वासिताची व्याख्या १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती मर्यादित केली आणि त्या घटना केवळ युरोपातील मानण्याची मुभाही राष्ट्रांना दिली. ही मर्यादा दूर करणारा पूरक करार होण्यास १९६७ साल उजाडले.

भारताने या दोन्ही करारांवर सही केलेली नाही, याचे नवल वाटू नये. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी लोक आले, तेव्हा बाहेरची मदत अपुरी पडली आणि टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावून सामान्य भारतीयांनीही त्या खर्चाला हातभार लावला. भार एकाने वाहायचा आणि उपदेश दुसऱ्याने करायचा, याला सहकार्य म्हणता येत नाही.

तथापि जगाच्या दुटप्पीपणाकडे बोट दाखवल्याने घरातील उणीव झाकली जात नाही. उल्हासनगर सिंधी समाजाच्या उद्यमशीलतेने उभे राहिले हे खरे; पण त्या उद्यमशीलतेला घटनेच्या ६व्या कलमाने दिलेल्या नागरिकत्वाचा आणि १९५४ सालच्या विस्थापितांविषयीच्या भरपाई व पुनर्वसन कायद्याचा आधार होता. नंतरच्या काळात सिंधमधून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेल्या कुटुंबांना तो लाभला नाही. २०१९ साली नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला व मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. पण तो तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरताच आहे. श्रीलंकेतील तमिळ, तिबेटी वा म्यानमारमधील रोहिंग्या त्यात बसत नाहीत. तारीख आणि प्रदेश यांच्या ज्या मर्यादांनी १९५१ चा करार आशियाला अन्यायकारक ठरला, तशाच मर्यादा आपणही घालाव्यात आणि त्यांत धर्माची भर टाकावी, हे विसंगत आहे.

१९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीविताचे घटनात्मक संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, असे स्पष्ट केले. त्याला साजेसा निर्वासित कायदा करणे हे संसदेचे काम आहे. आश्रय कोणाला द्यावा, चौकशी कोणी करावी, नकार मिळाल्यास दाद कोठे मागावी, हे त्यात निश्चित व्हावयास हवे. देशाच्या सुरक्षिततेची चिंता रास्त आहे. पण नोंद आणि छाननी यांनी ती अधिक चांगली साधते. असा कायदा करणारा भारत भार वाटून घेण्याची मागणी जगापुढे अधिक अधिकाराने मांडू शकेल. बराकींतून शहर कसे उभे राहते, याचा पुरावा कल्याणच्या पुढच्याच स्थानकांवर त्याच्यापाशी आहे.