निदान प्रयत्न तरी केला!

‘निदान प्रयत्न तरी केला!’ हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं उठतं. मुलगा गणितात नापास झाला की हे वाक्य, जावयाचा धंदा बुडाला की हे वाक्य, आणि ढोकळा फुगला नाही की तर हमखास हेच. पण या वाक्याचा सर्वांत मोठा गैरवापर मी पाहिला तो अमेरिकन बेसबॉलमध्ये.

आमचे चिरंजीव दक्षिण कॅलिफोर्नियात असतात. त्यामुळे 2023 चा उन्हाळा मी त्यांच्या सोफ्यावर बसून हा खेळ बघण्यात घालवला. त्यांचा संघ लॉस एंजेलिस एंजल्स. नाव लॉस एंजेलिसचं, मैदान अनाहाइम या वेगळ्याच गावात. ठाण्याच्या भजनी मंडळाने स्वतःला ‘मुंबई’ म्हणवून घ्यावं, तसं. उसनवारीची सुरुवात नावापासून!

बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. 30 संघांपैकी 12 पुढे प्लेऑफमध्ये जातात. पंगतीत इतकी पानं मांडल्यावर काय होणार? रांगेतल्या सतराव्या माणसालाही वाटतं, दोघांना अपचन झालं तर आपला नंबर लागेल! हीच ती आशा. आणि जुलैअखेरीस तिचा बाजार भरतो. ठरलेल्या तारखेपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करता येते. काल एका गावात गाद्या घातलेला माणूस उद्या दुसऱ्या गावच्या टोपीत उभा! जाणकार लगेच संघांच्या दोन जाती पाडतात: घेणारे आणि विकणारे.

एंजल्स 2014 नंतर प्लेऑफला पोचलेच नव्हते. आणि घरात कोण? माइक ट्राउट आणि शोहेई ओतानी! हा ओतानी चेंडू फेकणार तोही अव्वल आणि टोलवणार तोही अव्वल. एकाच माणसाने मैफल गावी आणि तबलाही स्वतःच वाजवावा, असा प्रकार. एवढं असून नऊ वर्षं संघ घरी. आता ओतानीचा करार त्या हंगामाबरोबर संपत होता. त्यात ट्राउटचा हात जुलैच्या सुरुवातीलाच मोडलेला. ओतानीला देऊन चार होतकरू पोरं घ्यायची, की त्याला ठेवून आणखी खरेदी करायची?

एंजल्सनी खरेदी केली. 26 जुलैला शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलितो आणि रेनाल्डो लोपेझ हे दोन पिचर आणले आणि बदल्यात एडगर केरो हा तरुण कॅचर आणि काय बुश हा तरुण पिचर दिला. पेरणीसाठी राखलेलं बियाणं जात्यात घालून पाहुण्यांना पोळ्या करण्याचा हा प्रकार. दुसऱ्याच दिवशी डेट्रॉइटला दोन सामने होते. पहिल्यात ओतानीने प्रतिस्पर्ध्यांना सबंध सामन्यात एकच हिट दिली, दुसऱ्यात स्वतः दोन होमरन मारले. आमच्या घरी शिरा झाला. मग कोलोरॅडोहून आणखी दोघे आले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता बघाच!”

बघितलं. ऑगस्ट उजाडला आणि एंजल्स ओळीने सात सामने हरले. 23 तारखेला ओतानीच्या कोपराचा अस्थिबंध फाटल्याचं निघालं. आणि 29 तारखेला संघाने सहा खेळाडू वेव्हरवर टाकले. म्हणजे काय, तर ‘कोणीही न्या, फक्त उरलेला पगार तुम्ही द्या.’ का? तर खर्च मर्यादेबाहेर गेला की लक्झरी टॅक्स बसतो, तो वाचवायला! जिओलितो आणि लोपेझ क्लीव्हलंडने उचलले. धनुर्वाताच्या इंजेक्शनांचा कोर्सही यापेक्षा लांब असेल. 73 विजय, 89 पराभव, हंगाम खलास. डिसेंबरात ओतानी 10 वर्षांच्या 70 कोटी डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला. डॉजर्स खरोखरच्या लॉस एंजेलिसचे. एंजल्सना त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीच्या नवोदितांच्या निवडीत एक जादा नंबर मिळाला.

“निदान प्रयत्न तरी केला,” चिरंजीव म्हणाले.

अरे, कसला प्रयत्न? वर्षभर पुस्तक उघडायचं नाही आणि फेब्रुवारीत दहावीच्या पोराला तीन-तीन क्लास लावायचे, याला प्रयत्न म्हणतात? ही निकालानंतर नातेवाइकांना सांगायची तजवीज झाली. नऊ वर्षांत भरवशाचे पिचर घडवता आले नाहीत, त्याचं प्रायश्चित्त पाच आठवड्यांत?

यावर तज्ज्ञ मंडळी लगेच 2021 च्या अटलांटाचा दाखला तोंडावर फेकतात. त्यांचा रोनाल्ड अकुन्या गुडघा फुटून बाहेर गेला, त्यांनी जुलैत चार आउटफिल्डर गोळा केले आणि थेट वर्ल्ड सिरीज जिंकली. खरं आहे. अंतिम मालिकेचा मानकरी होर्हे सोलेर आणि त्याआधीच्या मालिकेचा एडी रोझारियो, दोघेही त्या खरेदीतलेच. पण त्यांनी दिलं काय? रोझारियोच्या बदल्यात पाब्लो सँडोवाल दिला, आणि क्लीव्हलंडने त्याला लगोलग मोकळं केलं. म्हणजे मोडीत काढायचं पातेलं देऊन नवी परात! शिवाय धोतर मुळात धडकं होतं, एका जागी फाटलं, तिथे ठिगळ लावलं. ठिगळाला माझा विरोध नाही. पण नुसत्या ठिगळांचं धोतर शिवून पंगतीला निघाल्यावर व्हायचं तेच होतं.

“पण ओतानीला विकलं असतं तर तुम्हीच ओरडला असतात,” चिरंजीव म्हणाले. ओरडलो असतो की! ओरडणं हा प्रेक्षकाचा हक्कच आहे, तिकिटात धरलेला. पण चार पोरांकडे बोट दाखवून मालकाने सांगितलं असतं, ‘तीन वर्षं थांबा,’ तर लोक थांबले असते. लोक थांबतात हो! नऊ वर्षं थांबलेच होते. खोटी आशा दाखवली की मात्र त्यांचं थांबणंच नासतं.

खेळाडू बदलता येतो, वेव्हरवर टाकता येतो. प्रेक्षकाला तशी सोय नाही. माझ्या दहा वर्षांच्या नातवाकडे एंजल्सचा लाल सदरा आहे, पाठीवर 17. डॉजर्समध्येही ओतानीचा नंबर 17 च आहे, फक्त सदरा निळा. सून म्हणाली, “निळा घेऊ या का?” नातू म्हणाला, “आपण एंजल्सचे आहोत ना?”

त्या ‘आपण’ची किंमत लक्झरी टॅक्सच्या हिशेबात कुठे धरतात, ते मालकांनी एकदा या पोराला समजावून सांगावं.