दोन खोरी

मराठी शिकविणाऱ्या माणसाच्या हाती नदीचा विषय सापडला, की तो कवितेकडे वळणार, अशी वाचकांना रास्त धास्ती असते. आज मी तसे करणार नाही. मला बोलायचे आहे ते एका साध्या शब्दाविषयी. खोरे! आपल्या भाषेत खोरी दोन. एक नदीचे, आणि दुसरे मजुराच्या हातातले, ज्याने माती (आणि नशीब असेल तर पैसा) आपल्याकडे ओढायची. आमच्या तापीच्या पहिल्या खोऱ्याचा विचार करायला म्हणून मंडळी जमतात, आणि येताना दुसरे खोरे बरोबर आणतात.

तापी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. मुलताई म्हणजे मूलतापी. उगमाची खूण नावातच आहे. बऱ्हाणपुरावरून ती खानदेशात शिरते, चांगदेवला पूर्णेला पोटाशी घेते, आमच्या अमळनेर तालुक्याला वळसा देते आणि उकाईचे धरण ओलांडून सुरतेपाशी समुद्राला मिळते. लांबी 724 किलोमीटर. खोरे सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात. म्हणजे घर बहुतेक आमचे. पण माळ्यावरची टाकी एका शेजाऱ्याच्या हद्दीत आणि मोरी दुसऱ्याच्या! अशा घरात भांडण न झाले तरच नवल.

मोरी तुंबली म्हणजे काय होते ते सुरतेने ऑगस्ट 2006 मध्ये पाहिले. उकाईच्या वरच्या अंगाला, बहुतेक आमच्याच मुलखात, पाऊस कोसळला. धरणातून पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. बऱ्हाणपूर, भुसावळ, सावखेडा, गिधाडे येथे केंद्रीय जल आयोग तापीची पातळी मोजतो. गिधाड्याच्या मोजपट्टीवर चढलेला आकडा खालच्या राज्याला वेळेवर कळला, तर सुरतेतल्या एखाद्या गृहिणीला धान्याचे डबे माडीवर न्यायला सवड मिळते. सहकार्य, सहकार्य म्हणतात ते मुख्यतः एवढेच. त्याला धरणाइतका खर्चही येत नाही.

परंतु आपल्याकडे करार होतात ते वाटणीचे. 10 मे 2025 रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. कल्पना मोठी सुंदर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे; पुराचे पाणी त्यात मुरवायचे, म्हणजे रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या खोल खोल चाललेल्या विहिरी सावरतील. एकूण सुमारे 31 अब्ज घनफूट पाणी, त्यातले 19.36 आमचे, 11.76 त्यांचे. विहीर आटलेल्या माणसाला हे आकडे कोरडे वाटणार नाहीत, आणि मलाही योजनेचा आनंदच आहे. मात्र खोरे तीन राज्यांचे आणि सह्या दोघांच्या, हे काही माझ्या मनातून जात नाही.

तापीकाठच्या एका गावाहून माझ्या विद्यार्थ्याचे वडील कॉलेजात आले होते. पाडळसे धरणाचा विषय निघाला. “सर, हे धरण बांधता बांधता माझ्या पोराला पोर झालं,” ते म्हणाले, आणि मग हळूच, अहिराणीत, “पन पानी कोनं शे?” मी ‘तापीमायचे’ असे म्हणालो. ते हसले. शेतकऱ्याला असल्या उत्तराने भिजवता येत नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच शेजारी, पांझरेच्या काठी, पूर्वी सापडले होते. तिथली फड पद्धत काही शतकांची जुनी. बंधाऱ्याच्या पाण्यावरची जमीन फडांत विभागायची, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने सोडायचे, पिकाची राखण जागल्याने करायची. पाणी उणे पडले, तर सर्वांनीच कमी भिजवायचे. वरच्याने पोटभर आणि खालच्याने उपाशी, हा न्याय तिथे नव्हता.

गावाला जमले ते राज्यांना जमत नाही, असे मात्र नाही. ऱ्हाईन नदीच्या काठच्या पाच देशांनी 1950 साली एक मंडळ नेमले. त्यांतले काही पाच वर्षांपूर्वीच एकमेकांशी लढत होते! 1986 मध्ये स्वित्झर्लंडात बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विष नदीत उतरले, मासे मेले. पुढच्याच वर्षी त्या देशांनी नदी शुद्ध करण्याचा एकत्र कार्यक्रम आखला आणि कालांतराने सामन मासा ऱ्हाईनमध्ये परतला.

आमच्या संसदेनेही 1956 साली आंतरराज्य नद्यांसाठी नदी मंडळांचा कायदा केला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे नियंत्रण मंडळ आहे. पण भोपाळची ती बैठक पंचवीस वर्षांनी भरली होती. आधीची 2000 सालची! यापुढची एखादी बैठक ऑगस्टात सुरतेला घ्यावी, आणि गुजरातच्या मंडळींसाठीही खुर्च्या मांडाव्यात. चहाला पाणी तापीचेच असेल.