गरवायला पैसे कशाला?

मंडळी, महागड्या रॉडशिवाय मासे गरवता येत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. इथे मिरकरवाड्यात तंगूस, गरी, शिशाचा तुकडा आणि आमिषाला चार कोळंब्या एवढ्यावर अख्खी संध्याकाळ मजेत जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार आज गुन्हा आहे. सामान्य माणसाला उरली ती ही गरीच.

पण छंद स्वस्त म्हणून समुद्र फुकटचा नव्हे. जून-जुलैत यांत्रिक नौका बंद असतात, त्यात माशांची वीण साधावी हाही हेतू असतो. कोळी बांधव दोन महिने कमाई सोडतात, तर आपण बोटभर पिल्लू परत सोडायला आणि तुटलेला तंगूस घरी आणायला काय हरकत आहे? त्यांचं पोट मासळीवर, आपली नुसती हौस. पटतंय ना?