हरलेल्या हंगामाचा इतिहास कोण लिहिणार?

१/ २३ एप्रिल २०१३. ख्रिस गेलच्या नाबाद १७५ धावा आपणा सर्वांना पाठ आहेत. त्या कोणाविरुद्ध निघाल्या, हे मात्र आठवावे लागते. तो संघ पुणे वॉरियर्स.

२/ २०१२ च्या हंगामात गांगुलीच्या नेतृत्वाखाली या संघाने पहिल्या सातपैकी चार सामने जिंकले. कर्करोगावरील उपचारांमुळे युवराजसिंग संघाबाहेर होता. पुढचे सलग नऊ सामने संघ हरला. नऊ संघांत नववा क्रमांक. २०१३ नंतर तर संघच उरला नाही.

३/ खानदेशाला हे नवे नाही. १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकी राजवट संपली. अकबराने शाहजादा दानियालवरून प्रांताचे नावही ‘दानदेश’ केले. त्या पराभवाची हकिगत आपण मुख्यतः विजेत्यांच्या तवारिखांतून वाचतो. धुळे जिल्ह्यातील थाळनेरच्या फारुकी कबरी मात्र अजून उभ्या आहेत.

४/ माझ्या मते, जिंकलेल्याला लेखक आपोआप मिळतो. हरलेल्याचा शोध आपणच घ्यावा लागतो. चार विजयांनंतर नऊ पराभव का, हा प्रश्न अजिंक्यपदाहून अधिक शिकवतो. म्हणून जळगाव-धुळ्यातील जुन्या क्लबांची स्कोअरबुके रद्दीत जाऊ देऊ नका. हरलेल्या सामन्यांची तर मुळीच नाही.